ग्वाल्हेरच्या विजेतला तारापूरचा वाटा

नकाशावर ग्वाल्हेर शोधा आणि तिथून सर्वांत जवळचं अणुविद्युत केंद्र कोणतं ते पाहा. उत्तरेला गंगेकाठचं नरोरा सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे. नैर्ऋत्येला चंबळेवरचं रावतभाटा सुमारे तीनशे किलोमीटरवर. ग्वाल्हेरच्या घरांत अणुवीज येत असेल तर ती या दोघांपैकी एकाकडून येत असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मध्य प्रदेशाचा अणुविजेतला वाटा येतो तो गुजरातेत तापीकाठी असलेल्या काकरापारहून आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरहून. काकरापार सातशे किलोमीटरच्या पलीकडे आणि तारापूर तर जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर.

रावतभाट्याचं उदाहरण आणखी नवलाचं आहे. चंबळेवरच्या राणा प्रताप सागर धरणाच्या पायथ्याशी १७२ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. चंबळ प्रकल्प दोन राज्यांचा, म्हणून त्याची निम्मी वीज मध्य प्रदेशाची. त्याच जलाशयाच्या काठावर त्याच पाण्याने थंड होणाऱ्या अणुभट्ट्या आहेत. त्यांच्या विजेत मात्र मध्य प्रदेशाचा नेमून दिलेला वाटा नाही. ती उत्तर विभागाची. १९६०च्या दशकात देशाची वीजव्यवस्था पाच विभागांत वाटली गेली, तेव्हा राजस्थान उत्तर विभागात गेलं आणि मध्य प्रदेश महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासोबत पश्चिम विभागात आला. पुढे छत्तीसगड वेगळं झालं, तेही याच विभागात राहिलं. ग्वाल्हेर आग्र्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलं, तरी विजेच्या हिशेबात ते मुंबईच्या बाजूचं शहर आहे.

एखादं अणुकेंद्र एखाद्या प्रदेशाला वीज पुरवतं म्हणजे नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला ग्वाल्हेरइतकं चांगलं ठिकाण दुसरं नाही. एक तर ते विभागाच्या टोकावर आहे. आणि दुसरं, देशाच्या वीजजाळ्यातला सर्वांत नाजूक सांधा बरीच वर्षं ग्वाल्हेरमधूनच जात होता. त्याकडे पुढे येऊ. आधी तारापूर.

तारापूरला दोन पिढ्यांच्या भट्ट्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या. १९६९ साली त्यांच्यापासून भारतात व्यापारी अणुवीज सुरू झाली. त्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोनच राज्यांसाठी. ग्वाल्हेरशी नातं आहे ते तिसऱ्या आणि चौथ्या संचाचं. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या या भट्ट्या भारतीय अभियंत्यांनी स्वतः आखून बांधल्या. चौथा संच आधी, २००५ साली, सुरू झाला आणि तिसरा २००६ साली. त्या वेळी देशातल्या या सर्वांत मोठ्या अणुभट्ट्या होत्या. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म बडवानीचा आणि शालेय शिक्षण खरगोनचं, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातलंच. नर्मदेच्या खोऱ्यातला हा मराठी मुलगा मुंबईला शिकायला आला आणि पुढे त्याच्याच कारकिर्दीत तारापूरची वीज मध्य प्रदेशात पोचली, याचा ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी माणसांनी अभिमान बाळगावा.

या भट्टीत जळत काहीच नाही. इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या बोटाच्या पेराएवढ्या राखाडी गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत एकामागे एक भरतात आणि अशा ३७ नळ्या दोन्ही टोकांना जोडून एक बंडल तयार होतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ती बनतात. बंडलाची लांबी साधारण हातभर, अर्धा मीटर. वजन वीस-पंचवीस किलो. वापरण्याआधी त्याचा किरणोत्सार इतका कमी असतो की कामगार ते हातमोजे घालून हाताळू शकतो. असं एक बंडल भट्टीतून बाहेर पडेपर्यंत नऊ ते दहा लाख युनिट वीज देऊन जातं. महिन्याला अडीचशे युनिट वापरणारी तीनशे घरं त्यावर वर्षभर चालतील. तेवढीच वीज कोळशावर काढायची तर साडेसहाशे-सातशे टन कोळसा लागेल, आणि त्याची राख पुन्हा वेगळी.

नैसर्गिक युरेनियममध्ये हजारातले जेमतेम सात अणू सहज फुटणाऱ्या जातीचे, म्हणजे युरेनियम-२३५चे असतात. असा अणू न्यूट्रॉनच्या धक्क्याने दुभंगला की उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. ते फार वेगवान असतात. वेग कमी झाला तरच त्यांनी पुढचा अणू फोडण्याची शक्यता पुरेशी वाढते. साधं पाणी न्यूट्रॉनला मंद करतं, पण बरेचसे स्वतःच गिळून टाकतं. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीला एवढा तोटा परवडत नाही. जड पाणी न्यूट्रॉनला मंद करतं आणि जवळपास सगळे परत देतं. म्हणून या भट्ट्या जड पाण्यावर चालतात, आणि म्हणूनच अलिबागजवळच्या थळला, हजिऱ्याला, कोट्याला जड पाण्याचे कारखाने उभे राहिले. युरेनियम समृद्ध करण्याचं महागडं आणि परदेशांच्या मर्जीवर अवलंबून असलेलं तंत्र टाळता आलं, ते या निवडीमुळे. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने रावतभाट्याच्या कामातून अंग काढून घेतलं, तेव्हा या निवडीची किंमत कळली. काम रखडलं खरं, पण थांबलं नाही.

तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्टीत अशा बंडलांनी भरलेल्या ३९२ आडव्या नळ्या आहेत. त्यांतून सुमारे शंभर वातावरणांच्या दाबाखाली जड पाणी फिरत राहतं आणि तीनशे अंशांच्या आसपास तापतं. दाबामुळे ते उकळत मात्र नाही. हे तापलेलं जड पाणी बाष्पजनित्रातल्या बारीक नळ्यांतून जाताना बाहेरच्या साध्या पाण्याची वाफ करतं. दोन्ही पाणी एकमेकांत कुठेही मिसळत नाहीत. वाफ टर्बाइन फिरवते आणि नंतर अरबी समुद्राच्या पाण्याने थंड होऊन पुन्हा पाणी बनते. भट्टीत निर्माण झालेल्या उष्णतेच्या तीन भागांपैकी जेमतेम एकाची वीज होते. बाकीचे दोन भाग समुद्रात जातात. वाफेवर चालणाऱ्या केंद्राला पाणी किती आणि कशासाठी लागतं, ते इथे लक्षात ठेवायला हवं, कारण ग्वाल्हेरच्या दृष्टीने हाच प्रश्न उद्या कळीचा होणार आहे.

टर्बाइनचा दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झ असते, ती यातूनच येते. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला जनित्र आहे. तिथे वीज तयार होते वीस-एकवीस हजार व्होल्टची. एवढ्या दाबाला ५४० मेगावॉट वाहून न्यायचे तर तारांतून पंधरा हजार अँपिअरच्या घरात प्रवाह सोडावा लागेल. तारेतली उष्णतेची नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ही वीज बोईसरपर्यंत नेणंही परवडणार नाही. म्हणून केंद्राच्या आवारातच प्रचंड ट्रान्सफॉर्मर तिचा दाब चार लाख व्होल्टवर नेतात. प्रवाह आठशे अँपिअरच्या आत येतो आणि त्याच जाडीच्या तारेतली नासाडी साडेतीनशे पटींनी घटते. नऊशे किलोमीटरचा विचार शक्य होतो तो या एका पायरीमुळे. अणुभट्टीबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, ट्रान्सफॉर्मरबद्दल कुणी लिहीत नाही. माझ्या मते त्याचंही तेवढंच कौतुक व्हायला हवं.

तारापूरच्या यार्डातून चारशे केव्हीच्या वाहिन्या बोईसर आणि पडघ्याच्या उपकेंद्रांकडे निघतात. तिथून पुढे मात्र 'तारापूरची वीज' अशी वेगळी काढून दाखवता येत नाही. ती पश्चिम विभागाच्या जाळ्यात मिसळते आणि ज्या वाटेला विरोध कमी, त्या वाटांनी वाटली जाते. तारापूरची बहुतेक वीज प्रत्यक्षात मुंबई, ठाणे, वापी या शेजारच्या पट्ट्यातच खपत असणार. ग्वाल्हेरच्या दिव्यात जी पेटते ती मुख्यतः सिंगरौली पट्ट्यातल्या कोळशाची.

मग ग्वाल्हेरला तारापूरचा वाटा मिळतो, या म्हणण्यात अर्थ काय? इथे मला पेशवाईतली हुंडी आठवते. पुण्याच्या सावकाराकडे रुपये भरायचे आणि उज्जैनला किंवा ग्वाल्हेरच्या लष्करात त्याच्या आडत्याकडून तेवढेच घ्यायचे. थैलीतली नाणी घाट उतरून माळव्यात कधी जात नसत. जात असे तो कागद, आणि पेढ्यांचा आपापसातला हिशेब चोख असे. विजेच्या जाळ्यात नेमका हाच व्यवहार चालतो. तारापूरने जाळ्यात किती भरली आणि मध्य प्रदेशाने किती काढली, याची नोंद दर पंधरा मिनिटांना होते. दिवसाचे असे ९६ भाग पाडलेले असतात. उद्याच्या प्रत्येक भागात आपण किती वीज देऊ शकू, ते केंद्र आदल्या दिवशी कळवतं. मुंबईचं पश्चिम विभागीय भारप्रेषण केंद्र त्यातला कोणत्या राज्याचा वाटा किती ते सांगतं. आणि जबलपूरचं राज्य भारप्रेषण केंद्र आपल्या राज्याची गरज मांडून ते वेळापत्रक पक्कं करतं. खरेदी करते जबलपूरचीच मध्य प्रदेश पॉवर मॅनेजमेंट कंपनी. ग्वाल्हेरच्या घरमालकाला बिल पाठवते ती मध्य क्षेत्र वीज वितरण कंपनी, भोपाळची.

वाटा ठरतो तो केंद्र सरकारच्या सूत्राने. केंद्राच्या मालकीच्या औष्णिक आणि अणुवीज केंद्रांसाठी बरीच वर्षं चालत आलेली पद्धत अशी: ज्या राज्यात केंद्र आहे त्याला दहा टक्के, पंधरा टक्के केंद्र सरकारच्या हाती राखीव, आणि उरलेले पंचाहत्तर टक्के विभागातल्या राज्यांत, त्यांचा वीजवापर आणि त्यांना मिळणारं केंद्रीय योजनासाहाय्य पाहून. राखीव भागातून उन्हाळ्यात किंवा रब्बीच्या हंगामात अडचणीतल्या राज्याला जास्तीची वीज देता येते. नव्या काही प्रकल्पांत यजमान राज्याला निम्मा वाटा मिळू लागला आहे. जमीन आणि पाणी ज्याचं, त्याला दहाच टक्के हा व्यवहार राज्यांना जाचत होता, आणि तो बदलला हे योग्यच झालं.

हिशेब कागदावरचा असला तरी जाळं कागदावरचं नाही. मे महिन्यातली ग्वाल्हेरची रात्र घ्या. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या आसपास होता. दहा वाजता लष्कर, मोरार आणि हजिरा भागांतले कूलर आणि एसी एकदम सुरू आहेत. वीज साठवून ठेवलेली नसते. मागणी वाढली त्याच क्षणी ती कुणाच्या तरी जनित्रातून निघावी लागते. पहिल्या काही क्षणांत ती निघते फिरणाऱ्या दांड्यांच्या वेगातून. जाळ्याला जोडलेलं प्रत्येक जनित्र एकाच ठेक्यात फिरत असतं, त्यामुळे भार वाढला की सगळी मिळून किंचित मंदावतात, तारापूरचा दांडाही. फ्रिक्वेन्सी पन्नासवरून जराशी खाली येते. मग कोळशाच्या आणि पाण्याच्या केंद्रांतले गव्हर्नर वाफ किंवा पाणी वाढवतात आणि ती पुन्हा जागेवर आणतात. भारतात ती ४९.९० ते ५०.०५च्या दरम्यान राखण्याचा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी जोडला गेला, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ही फ्रिक्वेन्सी एकच आहे.

या वरखाली करण्यात अणुभट्टी सहसा भाग घेत नाही. ती रात्रंदिवस एकाच ताकदीवर चालते. याचं एक कारण पैशाचं: खर्च बांधणीचा असतो, इंधनाचा थोडा, कमी चालवून काही वाचत नाही. दुसरं कारण भट्टीच्या पोटातलं आहे. विखंडनातून झेनॉन-१३५ नावाचा वायू तयार होत राहतो. तो न्यूट्रॉन फार जोराने शोषतो. भट्टी पूर्ण ताकदीवर असताना तो तयार होतो तसाच संपतही जातो. ती एकाएकी बंद पडली की न्यूट्रॉन शोषून संपण्याची क्रिया थांबते, तयार होणं काही तास चालूच राहतं. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीजवळ या विषावर मात करण्याइतकी ताकद शिलकीत नसते. बंद पडलेली भट्टी अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा चालू झाली नाही, तर झेनॉन विरेपर्यंत दीड दिवस थांबण्याशिवाय इलाज नसतो. जाळ्यातल्या दोन मिनिटांच्या गडबडीने भट्टी सुटली, तर शेकडो मेगावॉट दीड दिवस गेले.

आणि ही गडबड एके काळी रोजची होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत संध्याकाळी फ्रिक्वेन्सी एकोणपन्नासच्याही खाली जाई आणि मध्यरात्री एक्कावन्नच्या वर. तारापूर आणि रावतभाट्याच्या सुरुवातीच्या वर्षांत भट्ट्या बंद पडण्याच्या कारणांत भट्टीच्या दोषांबरोबर जाळ्यातले बिघाडही वारंवार असत. फरक पडला तो दराच्या पद्धतीने. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दर लागू झाला: ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला त्या क्षणाच्या फ्रिक्वेन्सीनुसार पैसे मोजावे लागू लागले. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितका दर चढा. राज्यांना शिस्त लागली. केवळ हिशेबाची रीत बदलून एवढं मोठं यंत्र ताळ्यावर आल्याची उदाहरणं फार नाहीत.

जाळ्याला केंद्र हवं असतं, हे उघड आहे. केंद्रालाही जाळं हवं असतं, हे तितकं ठाऊक नसतं. भट्टी बंद केली तरी विखंडनातून निर्माण झालेले पदार्थ तापत राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता मूळ ताकदीच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीडेक टक्का, दिवसाने अर्धा टक्का. तारापूरच्या मोठ्या भट्टीत सुरुवातीला ती शंभर मेगावॉटच्याही वर भरते. ती काढायला पंप चालले पाहिजेत आणि पंपांना वीज हवी. ती बाहेरच्या जाळ्यातून मिळते. ते गेलं तर भिस्त डिझेल जनित्रांवर, आणि तीही गेली तर बॅटऱ्यांवर आणि मनुष्यबळावर.

मनुष्यबळावर वेळ आली होती नरोऱ्याला. ३१ मार्च १९९३ची पहाट, साडेतीनचा सुमार. पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. फिरणारा दांडा असंतुलित होऊन हादरू लागला, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला, तेलाने आग आणखी भडकली. केबल जळत गेल्या तसा मुख्य आणि राखीव, दोन्ही वीजपुरवठा तुटला. नियंत्रणकक्षात धूर भरल्यामुळे तो सोडावा लागला. चालकांनी भट्टी काही सेकंदांतच बंद केलेली होती, पण उष्णता निघतच होती आणि पंप थांबलेले होते. काही कर्मचारी अंधारात, बॅटरीच्या प्रकाशात भट्टीच्या इमारतीच्या वरच्या भागात चढले आणि बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हातांनी उघडल्या, म्हणजे ती पुन्हा चालू होण्याची शक्यताच उरू नये. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप सुरू करून बाष्पजनित्रांत पाणी सोडलं गेलं. आतलं जड पाणी पंपांशिवाय, नुसत्या तापमानाच्या फरकाने फिरत राहिलं आणि उष्णता बाहेर येत राहिली. सतरा तास केंद्रात वीज नव्हती. किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्यानंतर देशातल्या सर्व केंद्रांत केबलांचे मार्ग वेगळे केले गेले, टर्बाइनची पाती बदलली गेली. अणुविजेच्या बाजूने किंवा विरोधात बोलणाऱ्या प्रत्येकाने नरोऱ्याची ही रात्र माहीत करून घेतली पाहिजे. त्या रात्री यंत्रणा किती खोलवर कोलमडली हे तिच्यातून कळतं, आणि साध्या आखणीने व धीराच्या माणसांनी ती कशी सावरली हेही.

आता ग्वाल्हेरच्या सांध्याकडे. पश्चिम आणि उत्तर विभाग २००६ साली एका ठेक्यात जोडले गेले. पुढे त्यांच्यामधला मोठा दुवा ठरली बीना–ग्वाल्हेर–आग्रा ही वाहिनी. पश्चिमेला कोळसा आणि शिलकी वीज, उत्तरेला पंजाब-हरियाणातला भाताचा हंगाम आणि दिल्लीची मागणी; वीज वाहायची ती ग्वाल्हेरवरून वर. जुलै २०१२च्या अखेरीस या मार्गाची एक वाहिनी ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली होती. सगळा भार उरलेल्या एकीवर आला. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना–ग्वाल्हेर वाहिनी सुटली. तिच्यावर झाड पडलं नव्हतं, तार तुटली नव्हती, कुठे शॉर्टसर्किटही नव्हतं. दूरवरचा बिघाड ओळखण्यासाठी बसवलेला तिसऱ्या झोनचा रिले वाढलेल्या भाराला बिघाड समजला आणि त्याने वाहिनी तोडली. तिच्यावरची वीज दुसऱ्या वाटांवर लोटली गेली, त्या एकामागून एक सुटल्या, आणि काही सेकंदांत संपूर्ण उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास तीच वाहिनी त्याच कारणाने पुन्हा सुटली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. जगात त्याआधी इतक्या माणसांची वीज एकदम कधी गेली नव्हती.

पश्चिम विभाग दोन्ही दिवशी तगला. उत्तरेची मागणी अचानक सुटल्यामुळे इथे वीज जास्त झाली, फ्रिक्वेन्सी चढली, काही संच आपोआप बाहेर पडले आणि तोल सावरला.

त्यानंतर ग्वाल्हेरचं ७६५ केव्ही उपकेंद्र एक मोठा चौक बनलं. बीना, सतना, आग्रा आणि जयपूर या चारही बाजूंच्या वाहिन्या तिथे येऊन मिळतात. एक सुटली तर तीन आधाराला आहेत. तिथून दाब टप्प्याटप्प्याने उतरत चारशे, दोनशेवीस, एकशेबत्तीस, तेहतीस आणि अकरा केव्हीपर्यंत येतो, आणि शेवटी गल्लीतल्या डीपीवर दोनशेतीस व्होल्ट होतो. शहरात 'लाइट' जाते ती बहुतेक वेळा या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर, उन्हाने किंवा जादा भाराने तापलेल्या डीपीमुळे. नऊशे किलोमीटरवरची भट्टी निर्धोक चालली आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला, तर ग्राहकाच्या घरी अंधारच. नव्या केंद्रांच्या घोषणांइतकाच पैसा आणि लक्ष या शेवटच्या पायरीला मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अणुविजेचा आकारही नीट समजून घ्यायला हवा. देशात तयार होणाऱ्या विजेत तिचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. मध्य प्रदेशातल्या एकट्या विंध्याचल औष्णिक केंद्राची क्षमता ४,७६० मेगावॉट आहे. तारापूरच्या दोन मोठ्या संचांची मिळून १,०८० आणि तीही अनेक राज्यांत वाटलेली. काकरापारला ७०० मेगावॉटचे दोन नवे संच २०२३ आणि २०२४ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, तशीच भट्टी रावतभाट्यालाही २०२५ साली आली. वाटा वाढतो आहे, पण सावकाश. धूर न सोडता, ऊन-वाऱ्याची वाट न पाहता रात्रभर चालणारी वीज म्हणून तिचं मोल तिच्या आकारापेक्षा मोठं आहे. सूर्य मावळल्यावर ग्वाल्हेरचे कूलर थांबत नाहीत.

आणि आता हा विषय ग्वाल्हेरच्या दाराशी आला आहे. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात भीमपूर येथे ७०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांना केंद्र सरकारने तत्त्वतः मंजुरी दिलेली आहे. मंडला जिल्ह्यात चुटका येथे दोन भट्ट्यांचा प्रकल्प त्याआधीचा. तिथे बरगी धरणाने एकदा उठवलेली कुटुंबं पुन्हा उठावं लागू नये म्हणून वर्षानुवर्षं विरोध करत आहेत. भीमपूर उभं राहिलं तरी त्याची वीज ग्वाल्हेरची 'स्वतःची' होणार नाही. ती जाळ्यात जाईल आणि वाट्याने परत येईल. पाणी आणि जमीन मात्र इथलीच जाईल. समुद्र नसलेल्या जागी केंद्र शीतन मनोऱ्यांवर चालतं आणि दर युनिटमागे साधारण अडीच लिटर पाणी वाफ होऊन उडून जातं. चारही भट्ट्या पूर्ण चालल्या तर दिवसाला सोळा-सतरा कोटी लिटर. तिघरा तलाव आटला की एक दिवसाआड नळ येणाऱ्या शहराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जनसुनावणीची नोटीस निघेल तेव्हा ग्वाल्हेर-शिवपुरीच्या लोकांनी तिथे जावं. हे पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या महिन्यांत आणि कुणाच्या वाट्यातून घेणार, मध्य प्रदेशाला विजेतला किती हिस्सा मिळणार आणि उठवलेल्या गावांना नव्या जागी वीज-पाणी कधी मिळणार, ते विचारावं आणि उत्तर लेखी मागावं.